फोनमधली कागदपत्रं, फोटो आणि गटाचा हिशोब : दुसरी प्रत कशावर ठेवावी?

मी पिंपळे गुरवहून बोलतेय. बचत गटांच्या कामासाठी मावळ आणि खेड तालुक्यांतल्या गावांत माझं येणं-जाणं असतं. आजचा विषय ऐकायला जरा तांत्रिक वाटेल, पण तो आहे आपल्या घरातलाच. आपल्या फोनमध्ये जे साठलंय, ते फोन गेला तरी आपल्याजवळ राहावं यासाठी काय करायचं? ते कशावर साठवायचं? त्याला किती खर्च येतो, आणि साठवलेलं किती वर्षं टिकतं?

आधी एक सांगा. तुमच्या फोनमध्ये आत्ता काय काय आहे? मुलांच्या जन्मापासूनचे फोटो असतील. आधार कार्डाचा, रेशन कार्डाचा, बँकेच्या पासबुकाचा फोटो असेल. सातबारा कुणीतरी पाठवलेला असेल. गटाच्या बैठकीचे फोटो, हप्ता भरल्याच्या पावत्या, मुलीची फी भरल्याची पावती. एखादीच्या फोनमध्ये गेलेल्या सासूबाईंचा ओव्या म्हणतानाचा आवाज असेल. पूर्वी हे सगळं लोखंडी पेटीत असायचं. आता ते हातभर उंचीवरून पडलं तरी फुटणाऱ्या एका वस्तूत असतं.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचं उदाहरण सांगते. नवरा चाकणच्या बाजूला ठेकेदाराकडे कामाला. त्या भागात हजारो माणसं अशी ठेकेदारी पद्धतीवर काम करतात. पगाराची चिठ्ठी कागदावर मिळत नव्हती, दर महिन्याला व्हॉट्सॲपवर यायची. पुढे काम सुटलं. पीएफचं खातं उघडून बघितलं तर अकरा महिन्यांची रक्कम जमाच झालेली नव्हती. पगारातून मात्र कापलेली होती. तक्रार करायची तर कापल्याचा पुरावा हवा, आणि तो पुरावा म्हणजे त्या पगारचिठ्ठ्या. पण तोवर फोन पाण्याच्या टाकीत पडून बंद झाला होता. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. अकरांपैकी चार चिठ्ठ्या नणंदेच्या फोनवर सापडल्या, कारण कर्जाच्या अर्जासाठी तिच्याकडे पाठवलेल्या होत्या. बाकीच्या महिन्यांसाठी बँकेतून खातेउतारा काढला. त्यात पगार जमा झालेला दिसतो, पण कापलेली रक्कम दिसत नाही. त्यांचं प्रकरण अजून चालू आहे. म्हणजे हा विषय नुसत्या आठवणींचा नाही, हक्काच्या पैशांचाही आहे.

दुसरी प्रत म्हणजे काय

बॅकअप हा शब्द आपण ऐकलेला असतो. त्याचा साधा अर्थ दुसरी प्रत. पण इथे एक गल्लत नेहमी होते. फोन भरला म्हणून फोटो पेन ड्राईव्हवर टाकले आणि फोनमधून पुसले, तर तो बॅकअप झाला नाही. ती फक्त जागा बदलली. प्रत तेव्हाही एकच होती, आताही एकच आहे. एक वस्तू बिघडली तरी दुसरीत ते सापडलं पाहिजे, तरच त्याला बॅकअप म्हणायचं.

ही गोष्ट आपल्या मातीत नवी नाही. आपल्या शेजारच्या देहूचीच गोष्ट घ्या. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, आणि त्या तेराव्या दिवशी पाण्यावर तरंगून आल्या, असं परंपरा सांगते. पण अभंग मागे राहिले त्यात माणसांचाही हात होता. लोकांना ते पाठ होते, टाळकऱ्यांच्या ओठांवर होते. चाकणचे संताजी जगनाडे यांनी अभंग लिहून ठेवले. त्यांची समाधी आपल्या सुदुंबऱ्याला आहे. म्हणजे एक प्रत वहीत, एक दुसऱ्याच्या वहीत आणि एक माणसांच्या तोंडी. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या तऱ्हेने ठेवलेलं होतं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. आपल्याला फोनमधल्या चीजवस्तूंसाठी हेच करायचंय.

आधी निवड करा

सगळंच जपायला गेलं तर काहीच नीट जपलं जात नाही. धान्य निवडतो तशी फोनमधली निवड करा. तीन ढीग करायचे.

पहिला ढीग : गेलं तर परत मिळणार नाही असं. मुलांचे फोटो, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो आणि आवाज, पगारचिठ्ठ्या, घरभाड्याचा किंवा उसनवारीचा करार, दवाखान्याचे रिपोर्ट, गटाच्या ठरावांचे फोटो.

दुसरा ढीग : परत मिळेल, पण हेलपाटे पडतील असं. आधार, पॅन, सातबारा, गुणपत्रिका, जातीचा दाखला.

तिसरा ढीग : गुड मॉर्निंगचे फोटो, सणांच्या शुभेच्छा, पुढे ढकललेले व्हिडिओ. हे सरळ पुसून टाका. फोनची निम्मी जागा बहुधा याच ढिगाने खाल्लेली असते.

पहिल्या ढिगासाठी मेहनत घ्यायची आणि थोडे पैसेही घालायचे. दुसऱ्यासाठी सरकारी सोयी आहेत, त्या पुढे सांगते.

कशावर ठेवता येतं, आणि ते किती टिकतं

एकेक वस्तू घेऊ.

मेमरी कार्ड आणि पेन ड्राईव्ह. दोन्ही एकाच जातीचे. आत बारीक बारीक कप्पे असतात आणि त्यांत विजेचा भार अडकवून माहिती लिहिलेली असते. काही हलत नाही, फिरत नाही, म्हणून पडलं तरी सहसा बिघडत नाही. पण कितीतरी वर्षं वापरलंच नाही, तर तो भार हळूहळू गळतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तो आणखी लवकर गळतो. शिवाय वस्तू लहान, हरवायला सोपी. ६४ जीबीचा चांगल्या कंपनीचा पेन ड्राईव्ह काही शे रुपयांत मिळतो. फोनमधला एक फोटो साधारण ३ एमबीचा धरला, तर त्यात वीस हजारांच्या आसपास फोटो मावतात. एका घराला हे पुष्कळ झालं. घेताना दोन तोंडांचा घ्या. एक तोंड फोनला लागतं, दुसरं कॉम्प्युटरला. मग मधे कुणाची गरज पडत नाही.

फोनमधलं मेमरी कार्ड मात्र बॅकअप धरू नका. फोन चोरीला गेला की कार्डही त्याच्याबरोबर जातं.

हार्ड डिस्क. वहीच्या निम्म्या आकाराची डबी असते. आत चकती फिरते आणि चुंबकाने त्यावर लिहिलं जातं. जागा भरपूर, म्हणजे १ टीबीच्या डिस्कमध्ये ६४ जीबीचे पंधरा पेन ड्राईव्ह मावतील. पैशांच्या हिशोबात हीच सगळ्यात स्वस्त पडते, पण सुरुवातीला पाच-सात हजार रुपये घालावे लागतात. भाव वरखाली होत असतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारूनच घ्या. हिला धक्का सोसत नाही. चालू असताना पडली तर आतलं सगळं जाऊ शकतं. रोजच्या वापरात तीन ते पाच वर्षांनी हिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नये. जपून ठेवली, वर्षातून एक-दोनदाच चालवली तर जास्तही चालते, पण हमी कुणी देत नाही.

एसएसडी. दिसायला हार्ड डिस्कसारखी, पण आतून पेन ड्राईव्हच्या जातीची. वेगवान असते, धक्क्याला घाबरत नाही, पण महाग. आणि वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवण्यासाठी ती बनवलेली नाही. रोजच्या कामाला चांगली, पेटीत ठेवायला नको.

सीडी आणि डीव्हीडी. सीडीत ७०० एमबी, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. एकदा लिहिलं की चुकून पुसलं जात नाही, व्हायरस लागत नाही, हा मोठा गुण. पण घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा पातळ थर असतो. उन्हात, दमट हवेत आणि चरे पडून तो खराब होतो. काही डिस्का दहा-वीस वर्षं टिकतात, काही हलक्या प्रतीच्या पाचच वर्षांत वाचता येत नाहीत. आणखी अडचण अशी की आता नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. हजार वर्षं टिकेल असा दावा करणारी एक खास डिस्कही बाजारात आहे, पण ती महाग असते आणि ती लिहायला चालणारं यंत्रही वेगळं लागतं.

चुंबकीय पट्टी. बँका आणि मोठ्या कंपन्या आजही यावर माहिती ठेवतात. पट्टी नीट ठेवली तर पंधरा ते तीस वर्षं टिकते. पण ती वाचायचं यंत्रच लाखांच्या घरात जातं. आपल्या कामाची नाही, माहिती असावी म्हणून सांगितलं.

इंटरनेटवरची जागा. गुगलच्या एका खात्याला १५ जीबी जागा फुकट असते. ती जीमेल, ड्राईव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. पूर्वी फोटो कितीही ठेवता यायचे, पण १ जून २०२१ पासून तेही या १५ जीबीत मोजले जातात. जागा भरली की नवीन फोटो वर चढणं बंद होतं, आणि फोन तशी सूचना देतो. आपण ती सूचना न वाचताच बाजूला सारतो. मग आपल्याला वाटतं फोटो वर जातायत, पण ते जात नसतात. दुसरं असं की खातं सलग दोन वर्षं वापरलंच नाही, तर गुगल ते आतल्या सगळ्या माहितीसह पुसू शकतं. म्हणून मुलाने उघडून दिलेलं आणि आता कुणाच्याच लक्षात नसलेलं खातं असेल, तर ते शोधून काढा. १०० जीबी जागेसाठी महिन्याला साधारण १३० रुपये पडतात. म्हणजे वर्षाला दीड हजाराच्या आसपास, आणि दरवर्षी. भरायचं थांबवलं की नवीन साठवणं थांबतं, आणि दोन वर्षं जागा भरलेलीच राहिली तर आतलं पुसलंही जाऊ शकतं. पण घर जळो, पूर येवो, ही प्रत सुरक्षित राहते, हा याचा मोठा फायदा.

आणि व्हॉट्सॲप? तिथे फोटो आला म्हणजे तो कंपनीकडे जपून ठेवलाय असं नसतं. निरोप आपल्या फोनवर पोचला की तो तिथून काढून टाकला जातो. शिवाय फोटो पाठवताना लहान होतो, त्याची स्पष्टता जाते. कागदपत्राचा फोटो पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे जसाच्या तसा जातो.

कागदाला कमी समजू नका

मैत्रिणींनो, या सगळ्यांत जुना आणि अजूनही भरवशाचा आहे तो कागद. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद आजही आहेत. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. म्हणून अगदी निवडक दहा-वीस फोटो आणि महत्त्वाची कागदपत्रं छापून घ्या.

पण कागदाचेही नियम आहेत. घरच्या शाईच्या प्रिंटरवर छापलेलं बहुतेक वेळा पाणी लागलं की पसरतं. झेरॉक्सचं किंवा लेझर प्रिंटरचं छापलेलं पसरत नाही, कारण त्यात भुकटी तापवून कागदावर चिकटवलेली असते. गटाच्या वहीत जेल पेनाने लिहू नका, बॉलपेनने लिहा, ते पाण्याला जास्त टिकतं. एटीएमची चिठ्ठी, दुकानातल्या मशीनची पावती हे तापणाऱ्या कागदावर छापलेलं असतं, काही महिन्यांत पांढरं पडतं. महत्त्वाची असेल तर लगेच तिची झेरॉक्स काढा. आणि मूळ दाखल्याला लॅमिनेशन करू नका. ते एकदा केलं की सुटत नाही, काढायला गेलं तर कागदच फाटतो. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

पेशवे दफ्तरातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथले पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. कागद धड आहे, शाई धड आहे, पण मोडी वाचणारी माणसं थोडी उरलीत. आपल्या घरातही हेच होतं. नव्वदच्या दशकातल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट किती जणींच्या कपाटात आहे? ती बघायचं यंत्र आहे का कुणाकडे? म्हणून वस्तू टिकली एवढ्याने भागत नाही, ती वाचता आली पाहिजे. फोटो जेपीजी आणि कागदपत्रं पीडीएफ या नेहमीच्या प्रकारात ठेवा. आणि जुन्या कॅसेटी, सीडी अजून चालतायत तोवर त्यातलं काढून पेन ड्राईव्हवर घ्या. शहरात हे काम करून देणारे फोटो स्टुडिओ आहेत.

दुसऱ्या ढिगासाठी सरकारी सोयी

डिजिलॉकर हे केंद्र सरकारचं २०१५ पासूनचं ॲप आहे, फुकट. त्यात दोन कप्पे असतात आणि त्यांतला फरक नीट समजून घ्या. एका कप्प्यात सरकारी खात्याने स्वतः दिलेली कागदपत्रं येतात. आधार, पॅन, गाडी चालवायचा परवाना, राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका वगैरे. ही कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची धरतात. दुसऱ्या कप्प्यात आपण स्वतः फोटो काढून चढवतो. त्याला १ जीबी जागा आहे, पण तो मूळ कागद ठरत नाही, ती आपली नुसती प्रत. ॲप उघडायला आधारशी जोडलेला मोबाईल नंबर चालू लागतो. ज्यांचा नंबर बदललाय, त्यांनी आधी तो आधार केंद्रात जाऊन बदलून घ्यावा.

सातबाऱ्यासाठी महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. तलाठ्याच्या सहीशिवाय तो कामाला चालतो. म्हणून सातबाऱ्याचा जुना फोटो जपण्यापेक्षा गट नंबर आणि खाते नंबर वहीत लिहून ठेवलेला बरा.

तीन, दोन, एक

आता मुख्य नियम. छायाचित्रकारांत तो आधी रूढ झाला आणि आता सगळीकडे सांगितला जातो. तीन प्रती, दोन तऱ्हांच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. फोनमधली एक, पेन ड्राईव्हवर किंवा हार्ड डिस्कवर दुसरी आणि घराबाहेर तिसरी. घराबाहेरची म्हणजे गुगलवर किंवा माहेरी, बहिणीकडे ठेवलेला दुसरा पेन ड्राईव्ह.

दुसरी जागा का? आमचं पिंपळे गुरव पवनेच्या काठाला आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या वस्त्यांत सामान वर चढवायची घाई होते. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्याकडच्या एकतानगरीत पहाटे घरांत पाणी शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे तर गावंच्या गावं पाण्यात होती. अशा वेळी फोन, पेन ड्राईव्ह आणि वही एकाच कपाटात असली, तर तीन प्रती असूनही हातात काही उरत नाही.

मोठ्या संस्थांनाही हा फटका बसतो. पुण्यात २००३ च्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मची कितीतरी रिळं गेली. तसली फिल्म झटकन पेट घेते. ज्या सिनेमांची दुसरीकडे प्रत होती ते वाचले.

परदेशातली एक गोष्ट तर खास आपल्यासाठी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत पिक्सार कंपनी ‘टॉय स्टोरी २’ हा लहान मुलांचा सिनेमा बनवत होती. कुणीतरी कॉम्प्युटरला चुकीचा हुकूम दिला आणि बहुतेक सिनेमा पुसला गेला. बॅकअप काढून बघितला, तर तोही नीट निघेना. तेव्हा गॅलिन सुसमन नावाच्या तिथल्या तंत्रज्ञ बाई पुढे आल्या. त्यांचं बाळ लहान होतं, म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून, गाडीत जपून ठेवून आणला आणि काम वाचलं. यात दोन धडे आहेत. प्रत दुसऱ्या जागी हवी. आणि ठेवलेली प्रत उघडते का, हे मधूनमधून बघायला हवं.

खरेदी करताना फसू नका

आठवडी बाजारात, रेल्वे स्टेशनबाहेर किंवा ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपयांत ‘२ टीबीचा’ पेन ड्राईव्ह दिसतो. तो घेऊ नका. आत खरी जागा असते पाच-दहा जीबीची आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवला जातो. जागा भरली की तो जुन्यावरच नवीन लिहितो किंवा नुसतं नाव ठेवतो, आत काही नसतं. वाईट हे की फसलो ते कळतं फोटो उघडायला गेल्यावर. म्हणून पावती देणाऱ्या दुकानातून, वॉरंटी असलेला घ्या. घरी आणल्यावर तो मोठ्या व्हिडिओंनी पूर्ण भरून बघा, आणि शेवटचे व्हिडिओ नीट चालतात का ते पाहा. चालले तर तो खरा. मग पुसून कामाला घ्या.

वॉरंटी पाच वर्षांची आहे म्हणजे फोटो पाच वर्षं टिकतीलच असं नसतं. वॉरंटीत वस्तू बदलून मिळते, आतले फोटो मिळत नाहीत. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारे असतात, पण त्याचे हजारो रुपये होतात आणि निघेलच याचीही खात्री नसते.

गटाने मिळून काय करावं

आपल्या गटात दहा-बारा जणी असतो. पंचसूत्रीत नियमित हिशोब लिहिणं आहेच, त्याला ही एक जोड द्या.

प्रत्येक बैठक संपली की इतिवृत्ताच्या पानाचा, सह्यांसकट, सरळ वरून फोटो काढायचा. बचत-कर्ज वहीच्या त्या दिवसाच्या पानाचाही. फोटो अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या फोनवर हवा. फाईलला तारीख आणि नाव द्या, नाहीतर हजार फोटोंत ते सापडणार नाहीत.

गटासाठी दोन पेन ड्राईव्ह घ्या. खर्च बारा जणींत वाटला तर प्रत्येकीला शंभर रुपयांच्या आसपास येईल. एक सचिवांकडे, दुसरा दुसऱ्या आळीत राहणाऱ्या सभासदाकडे. महिन्यातून एकदा दोन्हींवर नवीन पानं चढवायची, आणि ते झाल्याची एक ओळ इतिवृत्तात लिहायची. एकीने ठेवलंय म्हणून दुसरी निर्धास्त, असं मग होत नाही.

घरचे फोटो मात्र गटाच्या ड्राईव्हवर टाकू नका. ज्याचं त्याच्याकडे. एखादी हार्ड डिस्क गटाने मिळून घ्यायची ठरवलीत, तर त्यात आधार, बँकेची कागदपत्रं ठेवू नयेत.

ठेवायचं कसं? पेन ड्राईव्ह किंवा डिस्क घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. औषधाच्या किंवा बुटांच्या खोक्यात येणारी ओल शोषणारी पुडी त्यात टाका. चुलीजवळ नको, पत्र्याखालच्या माळ्यावर नको, फ्रिजवरही नको. वरच्या फळीवर ठेवा, जिथे पाणी पोचणार नाही. डब्यावर आत काय आहे आणि कोणत्या वर्षी घेतलं ते लिहा.

वर्षातून दोनदा उघडून बघा. एकदा मार्चअखेरीला, हिशोब मिळवताना. ३१ मार्च हा जगभर बॅकअपचा दिवस म्हणूनही पाळतात, आपल्याला लक्षात ठेवायला सोपा. दुसऱ्यांदा दिवाळीच्या साफसफाईत. चार-पाच फोटो, एखादा व्हिडिओ, एक पीडीएफ उघडून पाहायची. साधारण पाच वर्षांनी नवीन वस्तू घ्यायची आणि सगळं तिच्यावर उतरवायचं. जुनी लगेच फेकायची नाही, ती आणखी एक प्रत म्हणून राहू द्यायची. लोणचं वरचेवर बघावं लागतं, तसंच हे आहे. एकदा भरून ठेवलं आणि विसरलं, असं चालत नाही.

सुरक्षिततेचं थोडं

ज्या पेन ड्राईव्हवर आधार, पॅन, बँकेचे कागद आहेत, तो प्रिंट काढायला दुकानात देऊ नका. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून व्हायरस लागतो आणि तुमच्या कागदांची प्रत तिथे राहू शकते. प्रिंटसाठी वेगळा रिकामा पेन ड्राईव्ह ठेवा आणि त्यावर तेवढीच फाईल न्या. एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन यांचा फोटो काढून कुठेच ठेवू नका. ‘तुमचा बॅकअप भरलाय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा, ठेवून द्या. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या नंबरवर कळवा.

आणि एक शेवटची गोष्ट. गुगल खात्याचं नाव आणि पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकिटात बंद करून घरातल्या विश्वासाच्या एका माणसाला ठाऊक असलेल्या जागी ठेवा. घरातलं माणूस अचानक गेलं आणि त्याच्या फोनचं कुलूप कुणालाच उघडता आलं नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. विमा कुठे काढला, कुणाला पैसे दिले, सगळं त्या बंद फोनमध्ये राहतं आणि बाईला दारोदार फिरावं लागतं.

तर मैत्रिणींनो, थोडक्यात सांगते. पैसे कमी असतील तर चांगल्या कंपनीचे दोन पेन ड्राईव्ह आणि गुगलची फुकट जागा एवढ्यावर एका घराचं भागतं. फोटो आणि व्हिडिओ फार असतील तर पेन ड्राईव्हऐवजी हार्ड डिस्क. निवडक फोटो कागदावर. कायम टिकेल अशी एकही वस्तू बाजारात नाही, म्हणून प्रती वाढवायच्या, जागा वेगवेगळ्या ठेवायच्या आणि वेळच्या वेळी उघडून बघायचं.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. बचत गोळा झाली की अर्धा तास काढा. प्रत्येकीने आपल्या फोनमधल्या फक्त पाच गोष्टी निवडायच्या, ज्या गेल्या तर परत मिळणार नाहीत. त्या पाचांची दुसरी प्रत त्याच दिवशी करायची. ज्यांना फोन नीट चालवता येत नाही, त्यांच्याजवळ गटातल्या शिकलेल्या सुनेला किंवा मुलीला बसवा. आणि काम झाल्यावर ती प्रत कुठे ठेवली, हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगायला विसरू नका.